आरजी गोदाबाई

साहेबांना अत्तर-पान मी वेळेआधी दिलं. एवढीच चूक. तबक घासून लख्ख केलेलं होतं, विडे ताजे होते, अत्तर हिना होतं, शेरवानी मागून आणलेली असली तरी अंगाला बसली होती. सगळं यथास्थित, फक्त वेळ चुकली. आणि त्यापायी एका बाईची नोकरी पुढं कित्येक वर्षं लोंबकळत राहिली. ही गोष्ट मी कधी लपवली नाही, लपवता आलीच नसती. गेल्या महिन्यात राणीसावरगावहून गोदाबाईंचा भाचा दारात आला आणि चपला न काढताच म्हणाला, "ते पानवाले कंपाउंडर तुमीच ना?" मी हो म्हटलं, नेहमीसारखा हसलो, बसा म्हटलं. तो बसला नाही. "आत्या गेली," म्हणाला... मी हसतच होतो. बरीच वर्षं एका जागी राहिलेलं हसू लवकर जागा सोडत नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि परभणी जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. गावाचं नाव घेत नाही. तिथं आता नवी इमारत आहे आणि जुन्या भिंतींबद्दल बोललेलं नव्या माणसांना आवडत नाही. मी मूळचा बोरीचा. उर्दू शाळेत मिडलपर्यंत गेलेलो, त्यामुळे बाटल्यांवरची नावं मला वाचता येतात असा डॉक्टरसाहेबांचा समज होता. तो समज मी शक्यतो मोडला नाही. एकदा गुळण्या करायचं औषध मी एका पाटलांना प्यायला दिलं. पाटील बरे झाले आणि दर बाजारी तेच औषध मागायला येऊ लागले. तर असा मी, आणि जनाना वॉर्डात गोदाबाई. राणीसावरगावच्या शेतकरी घरातल्या. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हापासून भावाकडे राहिलेल्या. अडलेल्या भावजयीला घेऊन दवाखान्यात आल्या, भावजय बाळ घेऊन परत गेली आणि गोदाबाई मागं राहिल्या. ही बाई रक्त बघून डोळे मिटत नाही, एवढं डॉक्टरसाहेबांनी हेरलं होतं. त्यांनी तिला नर्सचं काम शिकायला हैदराबादला धाडलं. परत आल्या त्या पांढरं लुगडं नेसून, आणि ज्वारीच्या भाकरीसारखी जाड उर्दू बोलत.

परत आल्या, पण आरजी म्हणून. हा शब्द आता पोरांना समजावून सांगावा लागतो. त्या काळी सरकारी नोकर दोन प्रकारचे असत. मुस्तकिल म्हणजे कायमचा आणि आरजी म्हणजे तात्पुरता. मुस्तकिल माणसाला हलवायचं तर हैदराबाद हलवावं लागे. आरजीला हलवायला कारकुनाची जांभई पुरे. आरजी माणूस फार दिवस सलग कामावर राहिला तर त्याला हक्क लागतो, म्हणून आमच्या दवाखान्यात एक रीत पडली होती. काही महिने झाले की आरजी नर्सला एक दिवस कामावरून काढायचं आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं घ्यायचं. त्याला आम्ही खाडा म्हणत असू. त्या दिवशी तिनं वॉर्डात पाय ठेवायचा नाही, पेशंटला हात लावायचा नाही. लावला आणि कुणी वर कळवलं, तर दुसऱ्या दिवशी नव्यानं घेणं नाही. खाड्याच्या दिवशी गोदाबाई रंगीत लुगडं नेसून समोरच्या लिंबाच्या पारावर बसत. खोलीवर का जात नाही म्हणून विचारलं तर म्हणत, "खोली बी आजच्या रोज माझी न्हाई." कुणी सवयीनं बाई म्हणून हाक मारली तर मान न वळवता सांगत, "आज मी बाई न्हाई." मला हे फार विनोदी वाटायचं. मी त्यांची नक्कल करून दाखवत असे आणि लोक हसत.

मग एका खाड्याला एका वाडीवरून पहिलटकरीण आली. डॉक्टरसाहेब दौऱ्यावर होते, दुसऱ्या नर्सा नवख्या, आत एक म्हातारी आया. पोरीचं ओरडणं पारापर्यंत येत होतं. गोदाबाई उठल्या आणि पायरीपर्यंत आल्या. कारकून दारात आडवा उभा राहिला. वाईट माणूस नव्हता तो. त्याला फक्त स्वतःची नोकरी सांभाळायची होती. म्हणाला, "गोदाबाई, आज नक्को. उद्या मी तुमाला कोणत्या तोंडानं परत घेऊ?" त्या पायरीवरच थांबल्या. आतला आवाज बारीक होत गेला... मग थांबला. आता मूल रडेल म्हणून मी कान लावून होतो. कुणीच रडलं नाही. आया बाहेर आली आणि रांजणापाशी बसून बराच वेळ हात धूत राहिली. त्यानंतर मी नक्कल बंद केली. गोदाबाई संध्याकाळी एवढंच बोलल्या, "कंपाउंडर, मला पगार वाढवून नगं, मोठी खुर्ची नगं. मला मुस्तकिल करा म्हणावं. पुन्हा खाडा नगं."

आणि म्हणूनच त्या पानाची गोष्ट सांगताना मी हसतो, पण कुणी मध्येच का म्हणून विचारलं की मला पाणी प्यावं लागतं. हैदराबादहून दवाखान्यांचे बडे साहेब तपासणीला येणार होते. डॉक्टरसाहेबांनी ठरवलं होतं की चहा झाला की गोदाबाईंची गोष्ट काढायची. साहेबांच्या तोंडून एकदा हो निघालं की झालं. तबक घेऊन जायचं काम माझ्याकडे, कारण शेरवानी मागून आणण्याइतका निर्लज्जपणा फक्त माझ्यात होता. आता आमच्या बोरीत पाहुणा आला की आधी पान-सुपारी पुढं करतात. हैदराबादी रिवाज उलटा. तिथं अत्तर-पान सर्वांत शेवटी. तबक आत आलं म्हणजे यजमान न बोलता सांगतो, मेहरबानी झाली, आता निघावं. पान घेतलेल्या पाहुण्यानं बसायचं नाही आणि यजमानानं बसा म्हणायचं नाही. म्हटलं तर दोघांची अब्रू जाते. हे मला चांगलं पढवून ठेवलेलं होतं. इशाराही ठरला होता. डॉक्टरसाहेब रुमालानं कपाळ पुसतील तेव्हा मी आत यायचं. चैत्रात. परभणी जिल्ह्यात.

डॉक्टरसाहेबांनी कपाळ पुसलं. मी तबक घेऊन आत गेलो. बडे साहेब तेव्हाच म्हणत होते, "हां, तो वो आपकी आरजी नर्स..." आणि त्यांची नजर तबकावर गेली. ते थांबले. डॉक्टरसाहेबांच्या हातात रुमाल तसाच राहिला. साहेब उठले, मनगटाला अत्तर लावून घेतलं, विडा उचलला, अगदी अदबीनं खुदा हाफिज म्हणाले आणि मोटारीकडे चालू लागले. त्यांच्या मागं आम्ही सगळे, तोंडं उघडी ठेवून. थांबा म्हणायची कुणाची छाती नव्हती. मोटारीचा धुरळा व्हरांड्यापर्यंत आला. गोदाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या, खळ घातलेलं पांढरंशुभ्र लुगडं नेसून. म्हणाल्या, "कंपाउंडर, लय चपळ हाव तुमी." आणि लुगड्यावरची धूळ झटकत आत गेल्या. बडे साहेब पुन्हा आमच्याकडे कधी फिरकले नाहीत.

धूळ बसली, पण त्या पानाचा परिणाम व्हायचा तो झालाच. वॉर्डात आणखी दोन आरजी पोरी होत्या, गोदाबाईंच्या हाताखाली तयार होत असलेल्या. त्यातली एक मला औषधाच्या खिडकीतून म्हणाली, "बाईलाच भेटंना, तर आमाला काय भेटतंय? आमी बी म्हातारपणापतूर पारावर बसावं का?" मी तिला खोकल्याच्या गोळ्या दिल्या. नर्स दवाखाना सोडते तेव्हा भांडून जात नाही. एका सकाळी तिच्या खुंटीवर काही लटकत नसतं, एवढंच. एक खुंटी दिवाळीनंतर रिकामी झाली, ती मिशनच्या दवाखान्यात गेली म्हणे. दुसरी उन्हाळ्यात, ती मुंबईकडे. मग खाड्याच्या दिवशी वॉर्डात फक्त आया उरे. त्या सकाळी मी औषधं कुटायचं सोडून रस्त्याकडे बघत बसे. लांबून बैलगाडीवर पाल बांधलेलं दिसलं की मी हात जोडे. देवा, आज नको, उद्या. गाडी पुढं निघून गेली की मी चहा पीत असे.

अशात हैदराबादहून बडी नर्स म्हणून जुबेदाबी आल्या. वयानं गोदाबाईंपेक्षा लहान, मुस्तकिल, आणि ज्या जागेवर गोदाबाई बसायच्या त्याच जागेवर. अख्खा दवाखाना भांडणाची वाट बघत होता. मी तर जागा धरून बसलो होतो. गोदाबाईंनी त्यांना नखशिखांत बघितलं आणि विचारलं, "पोरी, पोटात आडवं झालेलं लेकरू फिरवलंस का कधी?" जुबेदाबी म्हणाल्या, "देखी हूँ. केली न्हाई." "मग चल." झालं भांडण. पुढं खाड्याच्या दिवशी असं चाले: जुबेदाबी वॉर्डाच्या खिडकीत येऊन हळूच विचारत आणि पारावरच्या गोदाबाई लिंबाकडे तोंड करून मोठ्यानं उत्तर देत. कारकून हरकत घ्यायला गेला तर म्हणाल्या, "झाडासंगं बोलायला बी मनाई हाय का?" जुबेदाबी त्यांना आपा म्हणत. पण खिडकीतून सांगून हात पुरत नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं.

मग निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष आलं. गावोगावच्या गाड्या आधी कमी झाल्या, मग दुपारनंतर येईनाशा झाल्या. ज्या येत, त्यातली माणसं जखम कसलीही असो, "पडलो" एवढंच सांगत. जिना नसलेल्या गावात माणसं जिन्यावरून पडत होती. बाजारातली ओळखीची घरं एकेक करून कुलपात गेली. कुणी वऱ्हाडात गेलं म्हणत, कुणी काहीच म्हणत नसे. स्टेशनावर बंदूकवाले लोकांची बोचकी उसकटून बघत. डॉक्टरसाहेब रजेवर गेले ते आलेच नाहीत. आया तिच्या गावी गेली. दवाखान्यात जुबेदाबी, गोदाबाई, कारकून, चौकीदार आणि मी, एवढेच राहिलो. आणि अशा त्या सामसूम दिवसांत हैदराबादहून हुकूम आला, गोदाबाई मुस्तकिल. कुणी, कधी, कशासाठी आठवण ठेवली होती, देव जाणे. कारकुनानं रिकाम्या व्हरांड्यात मोठ्यानं वाचून दाखवलं. मला पेढे वाटायचे होते, पण हलवायाचं दुकान बंद होतं. गोदाबाईंनी विचारलं, "म्हंजे आता खाडा न्हाई?" कारकून म्हणाला, "न्हाई." त्यांनी मान डोलावली आणि कामाला लागल्या. पण मी बघितलं, त्या दिवशी चालताना त्यांची टाच जमिनीवर जोरात पडत होती.

काही आठवड्यांत फौजा आल्या आणि राज्यच गेलं. नव्या अंमलदारांनी सांगितलं की जुन्या सरकारनं अखेरीस केलेल्या नेमणुका तपासून होईपर्यंत आरजी समजाव्यात. म्हणजे बाई मुस्तकिल झाल्या, तर सरकारच आरजी निघालं. कारकून तोच, टोपी नवी. त्यानं जुन्या रीतीप्रमाणं खाड्याचा दिवस काढला.

गाव उलटं झालं होतं. काल ज्यांना भ्यायचं, ते आज भीत होते. भीती तीच, घरं तेवढी बदलली. जुबेदाबी खोलीतून वॉर्डात आणि वॉर्डातून खोलीत, एवढ्याच. एके दिवशी बाजारातली काही टाळकी गोदाबाईंकडे आली. "बाई, आता बडी नर्स तुमीच. त्या हैदराबादवालीला आमी वाटेला लावतो." गोदाबाई म्हणाल्या, "मला सरकारनं द्यायचं, ते तुमी कोण देणार?" टाळकी हसत निघून गेली. ते हसणं मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशीच खाडा होता. सकाळी बघतो तर गोदाबाई पारावर, शेजारी वळकटी. "मी जायलेय," म्हणाल्या. "दुपारच्या गाडीनं, भावाकडं. रानात निंदायला तरी कुणी खाडा पाडत न्हाई." मी म्हटलं, "आणि जुबेदाबी?" "तिला बी सांगते, जा हैदराबादला. हितं राहून कुणाचं भलं झालंय?" मला काही बोलायचं होतं, त्या पानाबद्दलच. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "जुबेदाचा निरोप घेऊन येते. तुमी स्टेशनावर या, शेंगा आणा भाजलेल्या." मी शेंगा आणायला गेलो. मोठं बोलायचं असतं तेव्हा माणसाला असं काहीतरी किरकोळ काम मिळतं आणि तो सुटतो.

शेंगा घेऊन परत आलो तर पारावर वळकटी नव्हती. मला वाटलं, बाई स्टेशनाकडे गेल्या. कारकून लगबगीनं निघाला होता. बाजारात गडबड आहे, दवाखान्याला कुलूप घालून घरी जा म्हणाला. मी जनाना वॉर्डाच्या दारात उभा राहून दमदार आवाजात विचारलं, "कोण हाय का आत?" कुणी ओ दिली नाही. मी ते मोठं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि स्टेशनावर जाऊन बाईंची वाट बघत बसलो. गाडी आली. मी बायकांच्या डब्यात इतक्यांदा डोकावलो की एका म्हातारीनं मला शिव्या दिल्या. गाडी गेली. मी शेंगा खात परतलो, मनात थोडा रागही होता, की बोलावून यायचं नाही हे काय वागणं.

फाटकापाशी चौकीदार उभा होता. त्याचा आवाज बसला होता. "आले होते," म्हणाला. "लाठ्या घेऊन. बडी नर्स कुठाय विचारत होते. कुलूप बघितलं. हाणलं त्याच्यावर. मग म्हणाले, पळाली... गेले." दारावर ताज्या खुणा होत्या. आणि त्या दाराच्या आतून तान्ह्या लेकराच्या रडण्याचा आवाज आला. मी चौकीदाराकडे बघितलं. मग खिशाला हात लावला.

झालं होतं असं. वालूरच्या एका बाईला तिची माणसं भीतीनं मागच्या दारानं वॉर्डात सोडून गेली होती, आणि ती गेल्यावर जुबेदाबींनी ते दार आतून घट्ट लावून त्याला खाटा टेकवल्या होत्या. मूल आडवं. जुबेदाबी एकट्या. तेवढ्यात गोदाबाई निरोप घ्यायला आत गेल्या. बाहेरून एक दांडगा पुरुषी आवाज आला, तशा दोघींनी पेशंटच्या तोंडावर हात ठेवून श्वास धरला. तो आवाज माझा होता. तो गुंडासारखा वाटला, हे मी पुढं बरीच वर्षं कौतुक म्हणून सांगत आलो.

मी दार उघडलं. रंगीत लुगड्याचा पदर खोचलेल्या गोदाबाई, कोपरापर्यंत हात माखलेले. जुबेदाबी जमिनीवर बसल्या होत्या, बाळंतिणीचं डोकं मांडीवर घेऊन. गोदाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाणी तापवा." मग म्हणाल्या, "गाडी गेली का?" "गेली." "उद्याची बघू."

दुसऱ्या दिवशी कारकुनानं काही विचारलं नाही आणि आम्ही काही सांगितलं नाही. गोदाबाईंची वळकटी काही दिवस तशीच बांधलेली होती, मग कधी सुटली कळलं नाही. पुढं कागद तपासले गेले आणि त्या खरोखरच मुस्तकिल झाल्या. नवीन डॉक्टर आले, नव्या आरजी पोरी आल्या. पहिल्याच पोरीच्या खाड्याच्या दिवशी गोदाबाई पांढऱ्या लुगड्यात, कायमच्या नोकरीच्या असून, तिच्या शेजारी पारावर जाऊन बसल्या. जुबेदाबीही जाऊन बसल्या. डॉक्टर दारात येऊन दोघींकडे बघत उभे राहिले. त्यानंतर आमच्या दवाखान्यात खाडा पडला नाही आणि खुंट्या रिकाम्या व्हायच्या थांबल्या.

परवा दवाखान्याच्या गावात शोकसभा झाली. बोलणाऱ्यांनी त्याग म्हटलं, सेवाव्रत म्हटलं. मीही उठलो, पानाची गोष्ट सांगितली, लोक हसले. मग म्हणालो की त्या दिवशी बाई निघाल्या होत्या, पण अडलेली लेक बघून त्यांचा पाय निघाला नाही. टाळ्या पडल्या. नंतर आम्ही थोडे जण गोदाबाईंच्या खोलीत जाऊन बसलो. खोलीत एकच खाट. तिच्यावर जुबेदाबी टेकल्या होत्या, पाठीत पार वाकलेल्या. उशीवरून हात फिरवत होत्या. तिथं अजून कापराचा आणि साबणाचा वास होता. मी म्हटलं, "जुबेदाबी, बाईंना खरं ओळखलं ते आपण दोघांनीच."

त्यांनी हात थांबवला.

"आपानं पेशंट बघितली," त्या म्हणाल्या. "मला म्हणाली, जुबेदा, तुला येतंय आता, तू कर. मी जायलेय. माझ्या नशिबात पुन्हा ती पायरी नगं. वळकटी उचलून दारापर्यंत गेली. दार ढकललं. पुन्हा ढकललं. उघडंना. मग त्या लाठ्या आल्या... लाठ्या गेल्यावर आपा वळली, वळकटी खाली ठेवली अन् म्हणाली, सरक."

मला माझं ते नेहमीचं हसू कुठं ठेवावं कळेना.

जुबेदाबी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कंपाउंडर साब, जन्मात तुमच्या हातून एकच काम नीट झालं, अन् ते बी न बघता."